वादळी पाऊस, पूर, वीज आणि विद्यापीठाचा परिसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या विद्यापीठ परिसरांतील विद्यार्थी, वसतिगृहातील मुले-मुली, अध्यापक, कर्मचारी आणि पालक दरवर्षी जून उजाडला की जे प्रश्न विचारू लागतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्या बाबतीत गैरसमज अधिक आहेत, तिथे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे.

आमचा परिसर गोदावरीपासून लांब आणि उंचावर आहे. मग पुराची काळजी आम्ही कशासाठी करायची?

इमारतीत पाणी शिरण्याचा धोका बहुतेक परिसरांना नाही, हे खरे आहे. धोका आहे तो वाटेवर. येथील विद्यापीठे आणि बरीचशी महाविद्यालये त्र्यंबक रस्ता, गंगापूर रस्ता, दिंडोरी रस्ता अशा शहराबाहेर जाणाऱ्या दिशांना वसलेली आहेत आणि तिथे शिकणारी मुले मात्र पंचवटी, सिडको, नाशिकरोड, देवळाली, ओझर, सिन्नर अशा चारी बाजूंनी येतात. या येण्याजाण्यात गोदावरी, नासर्डी, वालदेवी किंवा नकाशावर नावही नसलेला एखादा ओढा ओलांडावा लागतोच, आणि त्यावरचा पूल उंच असेल असे नाही. अनेक ठिकाणी तो साधा फरशी पूल असतो.

नाशिकच्या पावसाचा स्वभावही समजून घ्यायला हवा. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील निफाड-येवल्याकडे तो पाचशेच्या आसपास असतो. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिचे आणि काश्यपी, गौतमी या धरणांचे पाणी गंगापूर धरणात येते आणि तेथून सोडलेले पाणी काही तासांत रामकुंडावर पोचते. म्हणजे कॉलेज रोडवर नुसती भुरभुर असताना, कधी ऊन पडलेले असतानाही, नदी चढत असते. आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधणे ही नाशिकमधील सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा म्हणजे नेमके काय? लाल इशारा असला की सुट्टी असते का?

भारतीय हवामान विभाग हे रंग जिल्हावार देतो. हिरवा म्हणजे विशेष काही करण्याची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास त्याला जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाल्यास अति जोरदार आणि त्याहून अधिक झाल्यास अत्यंत जोरदार पाऊस म्हणतात. रंग ठरवताना केवळ पावसाचे प्रमाण नव्हे, तर तो पाऊस पडण्याची शक्यता किती आणि त्याचा परिणाम किती होईल, याचाही विचार केलेला असतो.

इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असल्यामुळे त्याच लाल रंगाखाली त्र्यंबकला ढगफुटीसारखा पाऊस आणि येवल्यात कोरडे आभाळ असू शकते. अशा दिवशी "लाल इशारा होता, पण पाऊस कुठे झाला?" असा प्रश्न हमखास येतो आणि पुढच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याला तेच निमित्त होते. इशारा खोटा नसतो. तो वेगळ्या तालुक्यात खरा ठरलेला असतो.

सुट्टी इशाऱ्याच्या रंगाबरोबर आपोआप लागू होत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि त्यांचा आदेश शाळा-महाविद्यालयांना बंधनकारक असतो. असा आदेश नसेल, तर विद्यापीठ आपल्या अधिकारात निर्णय घेते आणि तो संकेतस्थळावर व विभागप्रमुखांमार्फत कळवते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या, तारीख नसलेल्या पत्राच्या छायाचित्राला सुट्टीचा आदेश समजू नये.

बातम्यांमध्ये "गंगापूरमधून इतका विसर्ग" असे सांगतात. तो आकडा कसा वाचायचा?

विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. म्हणजे दहा हजार क्युसेकचा विसर्ग असेल, तर दर सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटरहून अधिक पाणी पुढे जात आहे, असे समजावे.

मात्र गंगापूर धरणाचा आकडा आणि शहरातील अहिल्यादेवी होळकर पुलाखालचा आकडा यांत फरक असतो. धरणाच्या खाली आळंदी नदी आणि अनेक नाले गोदावरीला मिळतात, त्यामुळे शहरात पाऊस असेल तर होळकर पुलाजवळचा प्रवाह धरणातून सोडलेल्या पाण्यापेक्षा जास्त भरतो. पंचवटी किंवा जुन्या नाशिकमार्गे जाणाऱ्यांनी होळकर पुलाचा आकडा पाहावा. निफाडकडे, विशेषतः सायखेडा-चांदोरी भागात राहणाऱ्यांना दारणा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांचे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या अलीकडे एकत्र भेटते, म्हणून त्यांनी दारणा धरणाच्या विसर्गाकडेही लक्ष ठेवणे आवश्यक आहे.

एकदा ऐकलेला आकडा दिवसभर धरून बसू नये. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. सकाळी आठचा आकडा दुपारी दोन वाजता शिळा झालेला असतो.

दुतोंड्या मारुतीवरून पुराचा अंदाज घेणे आजही योग्य आहे का?

गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला पाणी लागले यावरून नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजत आले आहेत, आणि ही खूण चुकीची मुळीच नाही. ती न हलणारी, सर्वांना ठाऊक असलेली आणि फोनवर एका वाक्यात सांगता येणारी पूररेषा आहे. आपत्ती व्यवस्थापनाची पुस्तके ज्याला उत्तम संदेश म्हणतात, तो याहून वेगळा नसतो. अडचण इतकीच, की मारुती सांगतो ती आत्ताची पातळी, पुढच्या तीन तासांची नव्हे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात मूर्ती पाण्याखाली गेली, तेव्हा गोदाकाठच्या सराफ बाजारासारख्या वस्तीला सामान हलवायला उसंत उरली नव्हती. १९६९ आणि २००८ च्या पुरांच्या आठवणी घरोघरी ज्येष्ठांकडे आहेत. त्या विचारून घ्याव्यात. मात्र मारुती पाहण्यासाठी घाटावर जाऊ नये. पूर बघायला जमणारी गर्दी हटवण्यात पोलिसांची आणि अग्निशमन दलाची जी शक्ती खर्ची पडते, तिची त्या वेळी दुसरीकडे गरज असते.

मुसळधार पाऊस सुरू झाला की आम्हाला लगेच घरी का सोडत नाहीत?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा, आणि बहुधा रागाने, विचारला जातो. आमचे उत्तर असे आहे : सोडायचे तर पाणी चढण्यापूर्वी सोडावे, अन्यथा सोडू नये.

पक्क्या बांधणीच्या दुसऱ्या मजल्यावरील वर्गखोलीत बसलेला विद्यार्थी मुसळधार पावसात जितका सुरक्षित असतो, तितका तो रस्त्यावर कोठेही नसतो. तरीही आकाश काळवंडले की संस्थाचालकांना मुले आपल्या ताब्यातून घरी पाठवण्याची घाई होते, कारण फाटकाबाहेर गेलेल्या विद्यार्थ्याची जबाबदारी आपली नाही, असे कागदावर म्हणता येते. या मजकुराच्या लेखकाने बऱ्याच वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात हा प्रकार जवळून पाहिला आहे. दुपारी तीन वाजता, पाऊस ऐन भरात असताना, "सर्वांनी ताबडतोब घरी जावे" अशी सूचना झाली आणि शेकडो दुचाक्या एकाच वेळी, एकाच ओढ्याच्या दिशेने निघाल्या. त्या दिवशी कोणाला काही झाले नाही. यात नियोजनाचा वाटा शून्य होता. ओढ्याजवळच्या एका टपरीवाल्याने बाकडे रस्त्यात आडवे टाकून मुलांना अडवले, एवढेच.

म्हणून आमच्या नियोजनात निर्णयाची वेळ ठरलेली आहे. आदल्या संध्याकाळचा अंदाज आणि पहाटेचा विसर्ग पाहून सकाळी सहापर्यंत पहिला निर्णय होतो. तो सुट्टीचा असेल, तर मुले घरातून निघतच नाहीत. दुसरा आणि शेवटचा निर्णय सकाळी अकरापर्यंत होतो. त्यानंतर परिस्थिती बिघडली, तर परिसर बंद होत नाही, उलट तो उघडा राहतो : ग्रंथालय, उपाहारगृह आणि एक सभागृह रात्रीपर्यंत, गरज पडल्यास सकाळपर्यंत. दूरच्या गावी जाणाऱ्यांची यादी रस्त्यांनुसार केली जाते आणि त्या त्या रस्त्यावरील पूल मोकळा असल्याची खात्री झाल्यावरच त्या गटाला निघू दिले जाते. वैद्यकीय कारण असेल किंवा पालक स्वतः सुरक्षित मार्गाने घ्यायला आले असतील, तर अपवाद होतो.

यात गैरसोय होते, हे मान्य आहे. सभागृहाच्या खुर्चीवर काढलेली रात्र कोणाला आवडत नाही.

मी पालक आहे. मुलीचा फोन लागत नाही. मी स्वतः निघू का?

कृपया लगेच निघू नये. पावसात वीज गेली की मोबाइलचे मनोरे काही तासांनी बंद पडतात आणि जे चालू असतात त्यांच्यावर ताण येतो. फोन न लागणे म्हणजे अपघात नव्हे. फोन लागत नसला, तरी साधा संदेश बरेचदा पोचतो, म्हणून प्रथम तो पाठवावा. त्यानंतर वसतिगृहाच्या रेक्टरांशी किंवा विभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच घरात एक गोष्ट ठरवून ठेवावी : दोघांचा संपर्क होत नसेल, तर दोघांनीही निरोप ठेवायचा असा तिसरा माणूस, शक्यतो दुसऱ्या गावातील मामा, मावशी किंवा आत्या. नाशिकमधील जाळे बंद असताना पुण्याची मावशी दोघांनाही सापडू शकते.

रस्त्यावरून पाणी वाहत आहे, पण खोल दिसत नाही. दुचाकी काढता येईल का?

नाही. वाहते पाणी साधारण वीतभर खोल असले, तरी धडधाकट माणसाचे पाय उचलते आणि फूटभर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते. दुचाकीचा प्रश्नच उरत नाही. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, गटाराचे झाकण जागेवर आहे की नाही, हे वरून दिसत नाही. रोजच्या रस्त्यावरच ही चूक अधिक होते, कारण तिथे आपल्याला खड्डे पाठ असतात असे वाटते. बस किंवा रिक्षाचा चालक पाण्यात गाडी घालू लागला, तर उतरण्याचा आग्रह धरण्याचा अधिकार प्रवाशाला आहे आणि तो संकोच न करता वापरावा.

विजांचा कडकडाट सुरू झाला, तर मैदानावर असलेल्यांनी काय करावे?

पुराची चर्चा जास्त होते, पण विद्यापीठाच्या परिसरात प्रत्यक्ष जिवावर बेतण्याचा संभव विजेमुळे अधिक आहे, असे आमचे मत आहे, कारण ती क्रीडांगणावर, शेतीच्या प्रक्षेत्रावर आणि गच्चीवर गाठते आणि पूर्वसूचना काही मिनिटांचीच देते. मोसमी पाऊस स्थिरावल्यावर विजा कमी होतात. त्यांचा खरा हंगाम एप्रिल ते जूनमधील वळवाचा पाऊस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस. नेमक्या याच काळात क्रीडास्पर्धा आणि युवक महोत्सवाच्या तालमी चालू असतात.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की वीज किती किलोमीटरवर आहे, हे कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि खेळ तत्काळ थांबवायचा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास होईपर्यंत मैदानावर परत जायचे नाही. सामना कोणत्या टप्प्यात आहे, याला यात काहीही महत्त्व नाही आणि पंचांनी हा निर्णय कर्णधारांच्या संमतीसाठी अडवून ठेवू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आपल्या परिसरातील विजांची सूचना देते; प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या मोबाइलमध्ये ते असावे.

आश्रय पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या, धातूच्या टपाच्या मोटारीत घ्यावा. झाड, पत्र्याची उघडी शेड, प्रेक्षकांचा मंडप, पाण्याची टाकी, सायकल आणि दुचाकी यांपैकी काहीही आश्रय नव्हे. इमारतीत असताना नळाखाली हात धुणे, आंघोळ करणे आणि चार्जरला लावलेला फोन हातात धरणे टाळावे; न लावलेला मोबाइल वापरण्यात धोका नाही. जवळपास काहीच नसेल, तर एकमेकांपासून लांब होऊन, पाय जुळवून, गुडघ्यांत डोके घालून उकिडवे बसावे, मात्र आडवे झोपू नये.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो का?

बसत नाही. माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही. ही समजूत इतकी घट्ट आहे, की तिच्यामुळे मदतीची पहिली मिनिटे वाया जातात, आणि विजेच्या आघाताने बंद पडलेले हृदय बहुधा त्या मिनिटांतच पुन्हा सुरू होऊ शकते. श्वास थांबला असेल, तर १०८ वर फोन करायला एकाला सांगावे आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देणे सुरू करावे. अनेक जण एकदम जखमी झाले असतील, तर जे ओरडत आहेत त्यांच्याआधी जे निपचित पडले आहेत त्यांच्याकडे जावे.

विद्युतवाहिनीची तुटलेली तार अंगावर पडली असेल, तर मात्र हे सगळे उलट होते. तिथे प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नये.

प्रयोगशाळेत काम चालू असताना वीज गेली किंवा पाणी शिरले, तर?

चालू प्रयोग वाचवण्याचा प्रयत्न करू नये. गॅसची नळी आणि सिलिंडरची चावी बंद करावी, बर्नर विझवावा, रसायनांच्या बाटल्यांना बुचे लावावीत आणि बाहेर पडावे. वायुशोषक कपाट वीज गेल्यावर निकामी होते, त्यामुळे त्यात उघडी ठेवलेली विषारी द्रव्ये काही क्षणांत खोलीत पसरतात. सोडियमसारखे पाण्याशी पेट घेणारे धातू तळमजल्यावरील खालच्या फडताळात ठेवण्याची पद्धत आजही काही ठिकाणी दिसते. ती पावसाळ्यापूर्वी बदलणे ही प्रयोगशाळा प्रमुखांची व्यक्तिगत जबाबदारी आहे. जमिनीवर पाणी साचले असेल आणि मेन स्विचपर्यंत जायला त्या पाण्यातून जावे लागत असेल, तर जाऊ नये. इमारतीबाहेरून पुरवठा तोडण्यासाठी विद्युत विभागाला बोलवावे.

संशोधक विद्यार्थी विचारतात त्या गोठवलेल्या नमुन्यांविषयी : शीतकपाटाचे दार बंद ठेवले, तर आतील थंडी बराच वेळ टिकते, वारंवार उघडून पाहिल्याने ती जाते. तळघरात जनरेटर बसवलेला असेल, तर पूर आल्यावर सर्वांत आधी तोच बुडतो, ही गोष्ट इमारतीचे आराखडे मंजूर करणाऱ्यांनी लक्षात घेतलेली बरी.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी स्वतःजवळ काय ठेवावे?

फार काही नाही, पण जे ठेवायचे ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. टॉर्च आणि जादा सेल, भरलेली पॉवर बँक, दोन दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी, चिवडा-शेंगदाणे-गूळ असे न शिजवता खाता येणारे पदार्थ, नेहमीची औषधे किमान आठवडाभराची, आणि गुणपत्रिका, आधार यांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. मेणबत्ती नको; पुराच्या अंधारात मेणबत्तीमुळे लागलेल्या आगी कमी नाहीत. मेसने किमान तीन दिवसांचा शिधा आणि गॅस ठेवावा, अशी आमची सूचना आहे, कारण रस्ते बंद झाले की सर्वांत आधी दूध आणि भाजी येणे थांबते.

वादळी वारा आणि गारपीट नाशिकला खरोखर होते का?

होते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' चक्रीवादळ क्षीण होत होत नाशिक जिल्ह्यावरूनच पुढे सरकले. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस झालेल्या गारपिटीने निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. परिसरात त्या वेळी झाडांच्या फांद्या, गच्चीवरील सौर पॅनल, पाण्याच्या रिकाम्या टाक्या आणि कार्यक्रमांचे फलक हीच खरी संकटे असतात. मे महिन्यात झाडांची छाटणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करून घ्यावी, पण वादळाच्या नावाखाली निरोगी झाडे तोडू नयेत.

उष्णतेची लाट आणि कडाक्याची थंडी यांनाही आपत्ती म्हणायचे का?

म्हणावे लागेल, कारण दोन्ही ऋतूंत विद्यार्थी दगावू शकतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि परीक्षाही त्याच काळात असतात. भोवळ येऊन बोलणे असंबद्ध झाले, त्वचा तापली, तर तो उष्माघात समजून सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

थंडीचा धोका वेगळ्याच वाटेने येतो. निफाडला पारा काही वर्षी दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुले दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवतात किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर चालवतात. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखून झोप येते आणि जाग येत नाही. शेगडी खोलीत कधीही नको, आणि गीझर न्हाणीघराबाहेर बसवलेला हवा.

भूकंपाचे काय?

पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी या भागांत अधूनमधून सौम्य धक्के जाणवतात. धक्का जाणवताच टेबलाखाली शिरावे, डोके झाकावे, टेबलाचा पाय धरून थांबावे आणि हालचाल थांबल्यावर जिन्याने बाहेर यावे. हादरे चालू असताना जिन्याकडे धावत सुटल्याने इजा होऊ शकते.

मी चाकाची खुर्ची वापरते. लिफ्ट बंद असताना मी तिसऱ्या मजल्यावरून कशी उतरणार?

या प्रश्नाचे उत्तर आपत्तीच्या दिवशी शोधायचे नसते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार आपत्तीत दिव्यांग व्यक्तींना इतरांइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात आपले वेळापत्रक विभागाला द्यावे आणि पावसाळ्यात आपले तास तळमजल्यावर घेण्याची मागणी करावी. ती सवलत नाही, आपला हक्क आहे. प्रत्येक तासाला आपल्याबरोबर असणारे दोन सहाध्यायी आपण स्वतः निवडावेत आणि खुर्ची कशी धरायची, आपल्याला कोठे आधार दिलेला चालतो, हे त्यांना आधीच दाखवून ठेवावे. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी भोंग्याबरोबर चमकणारा दिवा हवा. कवायतीत दिव्यांग विद्यार्थ्यांना "तुम्ही बसून राहा" असे सांगण्याची जी पद्धत आहे, ती बंद केली पाहिजे. कवायतीत जो उतरला नाही, तो खऱ्या प्रसंगी कसा उतरणार?

पावसाळ्यात साप आणि बिबट्या दिसल्यास?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडे आढळतात. दंश झालेल्या ठिकाणी चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. तो अवयव न हलवता रुग्णाला लवकरात लवकर जिल्हा रुग्णालयासारख्या प्रतिविष उपलब्ध असलेल्या ठिकाणी न्यावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. बिबट्या दिसल्यास वन विभागाला १९२६ वर कळवावे, पाठ फिरवून पळू नये आणि त्याचे चित्रीकरण करण्यासाठी गर्दी करू नये. उसाच्या शेतांना लागून असलेल्या परिसरांत रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली गटाने आणि उजेडात करावी.

"धरण फुटले" असा संदेश आला. पुढे पाठवू का?

पाठवू नये. आपत्तीविषयी खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणे हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५४ खाली गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. खरा इशारा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' ॲपवर, जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत खात्यांवर किंवा मोबाइलवर मोठ्या आवाजात येणाऱ्या शासकीय संदेशातून मिळतो. शंका असल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारता येते.

आणखी कोणते क्रमांक पाठ असावेत?

सर्व प्रकारच्या तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१. आपत्तीनंतर झोप न लागणे, सतत दचकणे असा त्रास होत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. फोन केल्यावर प्रथम आपण कोठे आहोत ते सांगावे : इमारतीचे नाव, मजला आणि जवळचे फाटक. मदत मागणारे बहुतेक जण काय झाले ते आधी सांगतात आणि तेवढ्यात फोन कटतो.

एनडीआरएफ असताना विद्यार्थी स्वयंसेवक कशाला हवेत?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे आणि राज्य दलाची धुळ्याला. आधीच नाशिकमध्ये आणून ठेवलेली नसेल, तर रस्ते मोकळे असतानाही तिला पोचायला काही तास लागतात. ते तास आपले असतात. राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसीच्या विद्यार्थ्यांनी त्या वेळात याद्या करणे, प्रथमोपचार देणे, अन्नपाणी वाटणे आणि वाटा अडवून धरणे ही कामे करावीत. पाण्यात उतरून कोणाला वाचवणे हे काम त्यांचे नाही. पट्टीचा पोहणाराही पुराच्या पाण्यात पोहणारा राहत नाही. काठावरून दोर किंवा रिकामा, झाकण लावलेला कॅन फेकावा.

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. त्याचा परिसराशी काय संबंध?

शाही स्नानांच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात. पूर आणि गर्दी एकाच काठावर आल्यास रस्ते बंद होणारच, म्हणून परीक्षांची वेळापत्रके या तारखा टाळून आखली पाहिजेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : गर्दीत दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासाला जागा ठेवावी, पडलेली चप्पल किंवा फोन उचलायला वाकू नये आणि लोंढ्याच्या विरुद्ध न जाता तिरके सरकत कडेला यावे.

पुरामुळे येता आले नाही, तर हजेरीचे आणि परीक्षेचे काय?

वर्ग पुन्हा सुरू करण्यापूर्वी विद्युत जोडण्या तपासल्या जातात, पाण्याच्या टाक्या उपसून निर्जंतुक केल्या जातात आणि बसमार्गांवरील पूल वाहतुकीस खुले झाल्याची खात्री केली जाते. तोपर्यंत कोणाचीही अनुपस्थिती धरली जाऊ नये. परीक्षा बुडाली असल्यास विभागप्रमुखांकडे साधा अर्ज द्यावा. त्या अर्जासोबत अडकल्याचा पुरावा मागण्याची प्रथा काही ठिकाणी पडली आहे. तिला आमचा विरोध आहे : छायाचित्र जोडण्याची अट घातली, की पुढच्या पावसात एखादा विद्यार्थी ते काढण्यासाठी पाण्याच्या अधिक जवळ जाईल. गावाचे नाव आणि त्या दिवशीचा विसर्ग एवढी माहिती पडताळणीला पुरेशी आहे.